पिंगीची खरूज आणि गढीचा पहारा

पत्रावळ्या लावून पोट भरणाऱ्या साळूबाईच्या मांजरीला, पिंगीला, खरूज झाली. पिंगी सारखी खाजवायची आणि साळूबाईला एका जागी बसवायचं नाही. वैद्याच्या लेपाची किंमत ऐकून ती आल्या पावली परतली, तोच गढीवरून बोलावणं आलं.

देशमुख गरजले, "तुझ्या मांजरीनं आमच्या लाडक्या मांजरीला, राणीला, खरूज लावली. आजच्या आज तिला गावाबाहेर सोडून ये!"

साळूबाई हात जोडून म्हणाली, "पहारेकऱ्यांचा डोळा लागला असेल, सरकार. त्याशिवाय ती आत कशी शिरेल?"

"आमचा पहारा झोपतो?" देशमुख उसळले. "आमच्या हुकमाशिवाय या गढीत चिटपाखरूसुद्धा शिरत नाही!"

"मग माझी पिंगी इथं आलीच नाही, सरकार. तुमची राणीच माझ्या चुलीपाशी ऊब घ्यायला येते. खरूज गढीतून आली, तर लेपही गढीतूनच यायला हवा."

देशमुखांनी लेपाचं भांडं मागवलं. ते काखेत मारून साळूबाई दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "राणीला जरा आवरा, सरकार. बाहेर पडणाऱ्याला तुमचा पहारा हटकत नाही, असं दिसतंय."