दाराचं सील

कुंदाताई पालेकरांनी ‘माल जाईल’ म्हटलं की तो जायचाच, हे सगळं बंदर जाणून होतं. त्या दिवशी जायचं होतं साखर कारखान्याचं दोन पुरुष उंच दातेरी चाक. साध्या कंटेनरात ते मावेना, म्हणून त्यांनी फ्लॅट रॅक मागवला. त्याला खाली भक्कम तळ आणि दोन टोकांना लोखंडी चौकटी. बाजूंना भिंती नाहीत, वर छप्पर नाही. चाक साखळदंडांनी जखडून तयार होतं. संध्याकाळच्या भरतीला जहाज सुटणार होतं. ते चुकलं तर तिकडे आफ्रिकेत अख्खा गळीत हंगाम बुडणार.

तेवढ्यात नवे तपासणी अधिकारी चौबळसाहेब आले, तरातरा फ्लॅट रॅकवर चढले आणि तिथूनच गरजले, "मी स्वतः आत येऊन पाहिलंय! दाराला सील नाही!"

"साहेब, याला दारच नसतं."

"कंटेनर आहे ना? मग नियम म्हणजे नियम. दाराला सील लागल्याशिवाय हा तसूभर हलणार नाही!"

जहाजाचा भोंगा वाजला. कुंदाताईंनी पदर खोचला, सील हातात घेतलं आणि फ्लॅट रॅकला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मग साहेबांसमोर उभ्या राहून अदबीनं म्हणाल्या,

"लावते की! आपण ज्या दारानं आत गेलात, तेवढं दाखवा. फक्त त्याच दारानं आधी बाहेर या साहेब, नाहीतर आफ्रिकेत उतराल."

साहेबांनी चहूकडे पाहिलं. मग खाली उतरले आणि क्रेनवाल्याला म्हणाले, "उचल."