निळ्या धुक्याची कहाणी

नवी नवरी असताना मी एक नेम धरला होता. दिवेलागणीला तारा पाहायचा, मगच घास घ्यायचा. आभाळ भरून आलं की आपोआप उपास! त्या नेमाची कहाणी सांगते, ऐका.

एका राज्यात विमलावती नावाची राणी होती. भारी टापटिपीची. तिच्या महालावर एक ठळक तारा उगवे, भोवती निळसर धुकं. राणी म्हणे, "देवाची समई एवढी तेजाळ, आणि भोवती जळमटं? शोभतं का?"

तिनं जादूगार धूम्रकेशाला बोलावलं. त्यानं मोरपिसांच्या कुंच्यानं धुकं झाडलं, घागरीत भरलं, तोंड बांधलं आणि घागर आपल्या गुहेत नेली. तारा लखलखला. राणी हरखली.

पण त्या दिवसापासून राज्यात बाळ जन्मेना. राणीची सून हेमकळा गरोदर होती. नववा सरला, दहावा सरला, अकरावा लागला. पोर सुकत चालली, उठवेना, बसवेना.

तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली, "राणीसाहेब, तुम्ही आभाळाची बाळंतिणीची खोली झाडलीत."

"धुक्यात कसली गं बाळंतीण?"

"तिथंच तारे जन्मतात. त्या धुक्यातली धूळ नि वायू गोळा होतात, आवळतात, तापतात, उजळतात. आणि ती निळाई ताऱ्याच्याच उजेडाची. बारीक धूळ निळा रंग जास्त उधळते. वर जन्म थांबला, तसा खालीही."

राणी अनवाणी गुहेकडे निघाली. धूम्रकेश म्हणाला, "घागर हवी तर तीन कामं करा. वाऱ्यात दिवा राखा. चाळणीतून पाणी आणा. मग प्रहरभर माझ्या गुहेत बसा."

"एवढंच?"

"कशालाही हात न लावता."

दिवा तिनं पदराआड राखला. चाळणीला कणीक लिंपली, पाणी आणलं. पण गुहेत पावलोपावली जळमटं, कोपऱ्यात सात वर्षांची खरकटी भांडी! राणीचे हात शिवशिवले. ते तिनं मांडीखाली दाबले. एक कोळी नाकावर उतरला. "बस बाबा," ती म्हणाली, "तुझंच घर आहे."

धूम्रकेश खदखदून हसला. "जिंकलात, राणीसाहेब!"

तिनं घागरीचं तोंड सोडलं. धुकं वर चढलं, ताऱ्याभोवती निळं पसरलं, आणि त्यात एक इवलासा तांबूस ठिपका उजळला. त्याच घटकेला महालात ट्यांहां झालं. हेमकळा सुखरूप, कुशीत लेक. राज्यातले पाळणे हलू लागले.

बायांनो, तुम्हीही तारा पाहाल, तेव्हा भोवतीच्या धुक्यालाही हात जोडा. तिथं कुणीतरी जन्माला येत असतं.