मागे वळून पाहिलेली वाट

फार फार पूर्वी, डोंगरांचे नकाशे कुणी काढत नव्हतं आणि वाट कोणती हे पायांनाच ठाऊक असे, तेव्हाची ही गोष्ट.

एका डोंगराच्या दोन अंगांना दोन गावं होती. मधे खिंड होती आणि खिंडीतून एक पायवाट जात होती. ती कुणी बांधली नव्हती. मिठाच्या गोण्या वाहणारे बैल, सुईणी, वैदू, वाजंत्री आणि नव्या नवऱ्या तिच्यावरून जात-येत राहिल्या, म्हणून ती झाली होती. सकाळी निघालेलं माणूस दुपारच्या जेवणाला पलीकडे पोचत असे.

पुढे अलीकडच्या उतारावरचं गवत जहागीरदाराच्या नजरेत भरलं. घोड्यांना चारा हवा म्हणून त्याने पायथ्याशी काट्यांचं कुंपण घातलं आणि राखणदार बसवले. गावकरी काही दिवस कुरकुरले. मग डोंगराला वळसा घालणाऱ्या गाडीरस्त्याने जाऊ लागले. त्या रस्त्याला मुक्काम करावे लागत, नदीचं पाणी उतरायची वाट बघावी लागे. हळूहळू जाणंच कमी झालं. उतारावर कारवीची झुडपं माजली आणि पायवाट बुजली.

कुणाचं फारसं अडलं नाही. अडलं ते एका बाईचं.

तिचं माहेर डोंगरापलीकडे होतं, म्हणून गाव तिला ‘पल्याडची’ म्हणे. लग्न होऊन आली तेव्हा पल्याडची, केस पांढरे झाले तरी पल्याडचीच. तिला एक धाकटा भाऊ होता. दरवर्षी दिवाळीत तो खिंडीतून उतरून यायचा आणि तिला माहेरी घेऊन जायचा. कुंपण पडल्यावर ते थांबलं; गाडी-बैल नसलेल्या त्याला वळशाचा रस्ता झेपेना.

तेव्हापासून दर भाऊबीजेला ती ओवाळणीच्या कुंकवाची पुडी बांधून ठेवी आणि ओट्यावर खिंडीकडे तोंड करून बसे.

“एकदा नेशील का रे मला?” ती मुलाला विचारी.

“नेईन ना आई. एवढी मळणी उरकू दे. पुढच्या वर्षी नक्की.”

मुलगा वाईट नव्हता. पुढचं वर्ष नेहमीच येणार, असं त्याला वाटत असे, इतकंच.

मग राज्यावर नवा राजा आला. त्याने दवंडी पिटवली, “जी जुनी वाट लोक या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवतील, ती कायमची सर्वांची. जी दिवाळीनंतर कारभारी येईल तेव्हा दाखवता येणार नाही, ती ज्याच्या जमिनीत असेल त्याची.”

गाव चावडीवर जमलं. कारभारी येईपर्यंत कुंपणाच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती, तेव्हा वाट आठवणीतूनच काढायची होती. पाटलांनी चावडीची भिंत पांढऱ्या मातीने सारवून घेतली आणि गेरूने त्यावर डोंगर रेखला. ज्याला जे आठवेल त्याने ते सांगायचं, दोघांनी दुजोरा दिला की भिंतीवर काढायचं, असं ठरलं.

“पहिल्या वळणाला उंबर. डाव्या हाताला,” मेंढपाळ म्हणाला.

“उजव्या!” कुंभार ओरडला.

“तुला जेवताना तरी उजवा हात सापडतो का रे?”

“मी उतरताना बघितलाय. तू चढताना बघितला असशील, मेंढरांच्या शेपट्या मोजत!”

सगळे हसले. पण दोघांचंही खरं होतं, हे पाटलांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी उंबर गाळला आणि पुढचं विचारलं.

असं करत श्रावण गेला, भादवा गेला. फुटका खडक, पाण्याचं कुंड, वाघजाईचा दगड, एकेक खूण भिंतीवर येत गेली आणि वाट खिंडीपर्यंत पोचली. खिंडीच्या पलीकडे मात्र भिंत कोरीच राहिली.

“पुढं काय, उतारच तर आहे,” मेंढपाळ म्हणाला. “बोलत बोलत उतरायचो. कोण बघतंय?”

“पलीकडच्या गावाला विचारावं का?” कुणीतरी म्हणालं.

“त्यांना? जत्रेत आपल्या कुस्तीचा निकाल फिरवला त्यांनी! त्यांच्या दारात आपण जायचं?”

मग कुणीच गेलं नाही.

भाऊबीज नुकतीच सरली होती, तेव्हा राजाचा कारभारी आला. बरोबर जहागीरदारही होता. कारभाऱ्याने भिंत लक्षपूर्वक पाहिली आणि खिंडीवर बोट ठेवलं.

“इथून पुढे?”

मेंढपाळाने कुंभाराकडे पाहिलं.

“अहो, जी वर चढते आणि खाली उतरत नाही तिला वाट कशी म्हणू?” कारभारी म्हणाला. “उद्या सकाळी मी निघणार. मला पलीकडे नेणारं कुणी असेल तर वाट तुमची. नसेल तर यांची.”

जहागीरदार गालात हसला.

पल्याडची तेव्हा पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती भिंतीसमोर थांबली.

“खिंडीच्या खाली जांभळीचं पाणी आहे,” ती म्हणाली. “तिथून वाट दोन फुटते. करवंदीच्या जाळीकडची सोडायची. दोन सुळक्यांच्या फटीतून देवळाचा कळस दिसतो, तो समोर धरून उतरायचं.”

सगळे तिच्याकडे बघत राहिले.

“काकू, तुम्हाला कसं ठाऊक?” पाटलांनी विचारलं.

“नवरी होऊन मी त्याच वाटेनं आले ना. तुम्ही सगळे पुढं बघत चाललात. मी पावलोपावली मागं वळून बघत आले. इकडून माहेर कसं दिसतं, ते मला पाठ आहे. कुंपण पडल्यापासून रोज मनातल्या मनात जाऊन येते.”

तिचा मुलगा गर्दीतून पुढे आला. “आई, इतके दिवस बोलली का नाहीस?”

“‘ने’ म्हणत होते की, बाळा. वाटेचं मला कुणी विचारलं नाही. मी पल्याडची.”

पाटलांनी खाली मान घालून गेरूची वाटी तिच्यापुढे धरली.

दुसऱ्या दिवशी ती कुंकवाची पुडी कनवटीला खोचून सगळ्यांच्या पुढे निघाली. कारवी तोडत, बसत उठत, भिंतीवरच्या खुणांवर विसंबून लोक चढले. उंबर आला. चढताना तो डाव्या हाताला होता. कुंभाराने मागे फिरून उजवा हात दाखवला, पण या वेळी कुणी भांडलं नाही.

खिंडीत पोचल्यावर सगळे थबकले. पलीकडच्या उतारावर वाट स्वच्छ होती. कारवी ताजी कापलेली होती. बसायला एक सपाट दगड मांडलेला होता.

“कुणी केलं हे?” कारभाऱ्याने विचारलं.

म्हातारी उताराला लागली. तिची पावलं लगबगीने पडू लागली.

पलीकडच्या गावातल्या पहिल्याच घराच्या अंगणात तिची भावजय विळा धुवत होती. तिने वर पाहिलं आणि विळा हातातून गळाला.

“वन्सं?”

“तो कुठाय?”

भावजयीने पदर तोंडाला लावला. “दोन पावसाळे झाले त्यांना जाऊन. दर दिवाळीला खिंडीपर्यंत वाट काढायचे. राखणदारांच्या भीतीनं पुढं उतरता येईना, मग दिवस मावळेपर्यंत तिथल्या सपाट दगडावर बसून राहायचे. वाट बुजली तर ताई चुकेल, म्हणायचे. ते गेल्यावर मी काढते, त्यांच्याच विळ्यानं.”

“मला कळवलं नाहीस गं.”

“सांगावा कुणाच्या हाती धाडू, वन्सं? गाडीरस्त्यानंही कुणी येईनासं झालं. वाट होती का?”

मुलगा अंगणाच्या कडेला खाली बसला. पुढच्या वर्षीची भाषा तो पुन्हा कधी बोलला नाही.

म्हातारीने कनवटीची पुडी सोडली. खाली पडलेला विळा उचलला, पदराने पुसला आणि कुंकवाचं बोट त्याच्या पात्याला लावलं.

कुंपण निघालं. कारभाऱ्याने वाटेच्या दोन्ही टोकांना दगड रोवून घेतले. दर दिवाळीत दोन्ही गावं आपापल्या बाजूने कारवी कापत वर येऊ लागली आणि त्या सपाट दगडापाशी भेटू लागली. अलीकडच्या गावात नवी नवरी आली की तिला आधी चावडीवर नेत, हातात गेरू देत आणि विचारत, “बाई, तू कुठल्या वाटेनं आलीस?”

म्हातारी पुढे जगली तितकी वर्षं माहेरी जात राहिली. खिंडीतल्या दगडावर मात्र ती कधी बसली नाही. शेजारी जमिनीवर बसे.

तात्पर्य : वाटा जमिनीवरून बुजण्याआधी माणसांच्या आठवणीतून बुजतात, म्हणून ज्याच्या मनात वाट जिवंत आहे त्याला वेळेवर विचारावं.