घोंगडीचं बारसं

एका राज्यात मालाचंही बारसं होत असे. नवी वस्तू पेठेत आली की आधी तिला पाळण्यात घालायचं, नाव ठेवायचं, आणि मगच ती विकायची. राजा न्यायी होता, पेठ भरलेली होती, हिवाळा मात्र जीवघेणा होता.

त्या राज्यातल्या एका वाडीत सिदूबा विणकर राहत असे. त्याच्या प्रत्येक घोंगडीच्या कोपऱ्यात एक तांबडा दोरा असे. त्या दोऱ्याशी थंडी वाट चुकते, असं त्याची आई सांगायची. माल अस्सल होता. पण पेठेत बसायचं तर नाव भारदस्त हवं, असं सिदूबाच्या मनानं घेतलं. तो गेला नावं विकणाऱ्या कपालकेतू मांत्रिकाकडे. मांत्रिकानं नाव दिलं, "त्रिभुवनदिग्विजयप्रतापभास्कर." वर बजावलं, "मालाला नाव पेललं नाही, तर भार मालकावर." हौसेपुढे सिदूबानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बारसं झालं. नाव त्रिभुवन जिंकायचं, आणि घोंगडीखाली जेमतेम एक माणूस मावे! सिदूबाचे पाय जागच्या जागी दगडाचे झाले.

"आबा, हलू नका!" त्याची लेक म्हाळसा ओरडली.

"आता हलतोय कुठं, पोरी?"

पाळण्याच्या दांडीवर पेठेची राखणदार साळुंखी बसली होती. ती बोलली, "नाव बदलता येतं. पण ते तीन ठिकाणी टिकलं पाहिजे. वेशीवरच्या बोळक्या तोंडाच्या म्हातारीला ते एका दमात म्हणता यावं. नावांच्या गुहेत त्याचा दिवा आधीच जळत नसावा. राजाच्या तराजूत नाव आणि माल सारख्या वजनाचे भरावेत. दर चुकीला दगड वर चढेल. डोक्यापर्यंत गेला, की बाप गेला."

"मी निघाले," म्हाळसा म्हणाली, आणि घोंगडी खांद्यावर टाकून निघालीसुद्धा.

पहिलं नाव तिनं योजलं, 'शीतनिवारिणी'. म्हातारी बिचारी 'शी, शी' करत राहिली. दगड सिदूबाच्या कमरेला आला.

दुसरं नाव, 'ऊब'. म्हातारीनं ते झटक्यात म्हटलं. म्हाळसा धावत गुहेत गेली, तर तिथं उबेच्या नावाचे चाळीस दिवे आधीच तेवत होते. राज्यातल्या एकूण एक विणकराला तेच सुचलं होतं. दगड छातीला आला.

तिसरं नाव, 'सोनशेला'. म्हातारीला जमलं, गुहेतही त्या नावाचा दिवा नव्हता. म्हाळसा दरबारात पोहोचली. तराजूत नावाचं पारडं धाडकन खाली आलं आणि घोंगडी छताला जाऊन चिकटली.

राजानं विचारलं, "मुली, हिच्यात सोनं आहे?"

"नाही, महाराज."

"मग नावात का आहे?"

म्हाळसेनं घोंगडी छतावरून ओढून खाली घेतली. दगड हनुवटीला आला. आता एकच चूक, आणि आबा कायमचे जाणार. तिला रडू फुटलं, पण पाय थांबले नाहीत. बसून नाव सापडणार नव्हतं. ती पुन्हा वेशीवर आली.

म्हातारी कुडकुडत होती. म्हणाली, "पोरी, तुझी नावं राहू देत. मला आपली तांबड्या दोऱ्याची एक दे. माझ्या बहिणीकडं आहे, तुमच्याच वाडीत. तिथं सगळे तांबडदोराच मागतात."

म्हाळसा जागीच थबकली. ज्या नावासाठी ती वणवण फिरली, ते गिऱ्हाइकांनी कधीचंच ठेवलं होतं.

"आजी, काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"तांबडदोरा गं!" म्हातारी एका दमात म्हणाली.

म्हाळसेनं घोंगडी आधी तिलाच पांघरली आणि पेठेतून सिदूबाची दुसरी घोंगडी घेऊन ती गुहेकडे धावली. त्या नावाचा दिवा तिथं नव्हता. तिनं नाव उच्चारलं आणि कोरी वात आपोआप पेटली. दरबारात पारडी तिळभरही हलली नाहीत. राजा सिंहासनावरून उठला आणि स्वतः पेठेत आला. म्हाळसेनं घोंगडी पाळण्यात घालून नाव सांगितलं, तसा सिदूबाच्या अंगावरचा दगड ढलप्यांनी गळून पडला.

उरला जुन्या नावाचा भार. त्याला आता मालक नव्हता, म्हणून तो नाव विकणाऱ्या कपालकेतूच्याच जिभेवर जाऊन बसला. ते नाव तो अजून म्हणतोच आहे, भास्करापर्यंत काही पोहोचत नाही.

सिदूबानं लेकीला पोटाशी धरलं. "मला का नाही गं सुचलं?"

"आबा, तुम्ही नाव मांत्रिकाला विचारलंत. पांघरणाऱ्यांना विचारलंच नाहीत."

त्या हिवाळ्यात राज्यात कुणी कुडकुडलं नाही. त्यांची थंडी जशी सरली, तशी ऐकणाऱ्यांचीही सरो.