घाटावरचा रियाझ

एकदा एक तरुण गवई आपल्या मुलीला चालायला शिकवत होता. मुलगी काही रांगत्या वयाची नव्हती, चांगली सहा वर्षांची होती. कुंदा तिचे नाव. लहान असताना ती अंगणभर पळत असे. मग हळूहळू पडू लागली. जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकू लागली, जिना चढताना मध्येच बसू लागली. वैद्यांनी तेल दिले, शेजारणीने दृष्ट काढली, आणखी कोणी म्हणाले की वाढत्या अंगाची मुले अशीच असतात. तिला नेमके काय झाले आहे, हे कोणालाच सांगता येईना.

बापाला मात्र उत्तर सापडले. गवयांच्या घरात सगळ्या दुखण्यांवर औषध एकच असते. सूर लागत नाही, रियाझ कर. तान अडखळते, रियाझ कर. याच्या घरी भात करपला असता, तरी याने बायकोला रियाझच सांगितला असता. त्याचा स्वतःचा गळा मुळात जाडाभरडा होता आणि पहाटे उठून खर्ज लावून लावूनच तो घडला होता. तेव्हा कुंदाचे पायही असेच घडतील, असे त्याने ठरवून टाकले. रोज सकाळी तो तिला नदीच्या घाटावर नेई आणि पायऱ्या चढायला लावी. ती मध्ये बसली की म्हणे, "आळस करू नकोस. पुन्हा पहिल्यापासून."

हे त्याच्या गुरूंचेच शब्द होते. तान चुकली की ते तसेच म्हणत.

"बाबा, पाय ऐकत नाहीत," कुंदा म्हणे.

"ऐकतील. त्यांना सवय नाही अजून."

पोर रडत रडत खाली उतरे आणि पुन्हा चढू लागे. आईने एकदोनदा अडवून पाहिले, तर तो म्हणाला, "तुझ्या लाडांनीच ती अशी झाली आहे." त्यानंतर तिनेही बोलणे सोडले.

एके सकाळी त्याचे वृद्ध गुरू, ज्यांना सगळे बुवा म्हणत, स्नान उरकून घाट चढत होते. कुंदा मधल्या पायरीवर बसली होती आणि बाप वरून तिला हाका मारत होता. बुवा थांबले. त्यांनी काठी बाजूला ठेवली, पोरीकडे पाठ करून उकिडवे बसले आणि म्हणाले, "बस गं माझ्या पाठीवर."

शिष्य धावतच खाली आला. "बुवा, अहो हे काय करता? या वयात? आणि अशाने तिची सवय बिघडेल."

बुवा पोरीला पाठीवर घेऊन उठले. धापा टाकत, थांबत थांबत ते चढत राहिले आणि शिष्य त्यांची काठी घेऊन ओशाळल्यासारखा मागून गेला. वर पोचल्यावर बुवांनी कुंदाला कट्ट्यावर बसवले. तिने नदीकडे पाहिले आणि हळूच विचारले, "आजोबा, पलीकडे गाव आहे?"

"अगं, रोज तर येतेस इथे," बाप म्हणाला.

"मी पायऱ्याच बघत असते. नाहीतर पडते. मग तुम्ही रागावता."

शिष्याने हातातली काठी कट्ट्याला टेकवली. मग म्हणाला, "बुवा, माझं चुकलं का? रियाझानं सगळं साधतं, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं, खरं आहे," बुवा धाप आवरत म्हणाले. "पण मिसरूड फुटायच्या वयात तुझा आवाज फुटला, तेव्हा मी तुला किती तरी महिने गाऊ दिलं नव्हतं. आठवतं? तेव्हा ताणला असतास तर गळा जन्माचा गेला असता. हिच्या पायांना काय झालंय, मला ठाऊक नाही. वैद्यांना नाही, आणि तुला तर नाहीच. न कळणं हा काही गुन्हा नाही. पण ते न कळणं तुला सोसवलं नाही, म्हणून तू त्याला आळस म्हणून मोकळा झालास. पोर रोज खरं तेच सांगत होती. तंबोऱ्याची तार जराशी उतरली तरी तुला कळते, अरे, आणि हिचं एवढं साधं बोलणं तुला ऐकू आलं नाही."

शिष्याला त्या सगळ्या सकाळी आठवल्या. तिच्या अंगात जेवढे चालणे उरले होते, त्यात ती मैत्रिणींकडे जाऊ शकली असती, अंगणातली फुले वेचू शकली असती. त्यातले किती आपण या दगडांवर खर्चून टाकले, हे त्याला कळण्याची आता काहीच सोय नव्हती. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिला उठवायचे नाही, असे त्याने ठरवले होते. पण कुंदा आपणहून उठली होती आणि दाराशी भिंत धरून उभी होती.

"बाबा, आज मी बसणार नाही," ती म्हणाली. "अगदी खरं."

तो तिच्याकडे पाठ करून खाली बसला. ती जागची हलेना. त्याने दोनदा सांगितले तेव्हा कुठे ती भीतभीत पाठीवर आली. तो तिला घेऊन घाटावर गेला आणि सावकाश चढू लागला. तिने त्याचा गळा धरला नव्हता, खांद्यांवर नुसते हात टेकवले होते. बाबा आता कुठल्या पायरीवर उतरायला सांगतात, याची ती वाट बघत होती.

त्याने सांगितले नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. पण तिने गळ्यात हात टाकायला पुढचा पावसाळा उजाडला.