जांभळाची बरणी आणि शेजारणीची जीभ

फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि माणसं आपल्या घराची खूण दारातल्या झाडावरून सांगायची, तेव्हाची. एका डोंगराच्या उतारावर एक वाडी होती आणि त्या वाडीत घरोघरी फळांची दारू मुरवायची रीत होती. पोरांनो, तुम्ही नुसतं ऐका. चाखायचं वय तुमचं अजून लांब आहे.

रीत अशी. मोहाची फुलं वेचायची, आंबवायची, भट्टीवर चढवायची आणि पहिल्या धारेची दारू बरणीत भरून ठेवायची. मग ज्याच्या परसात जे पिकेल ते फळ धुऊन, पुसून, सावलीत सुकवून त्यात सोडायचं. कुणी करवंदं, कुणी आवळे, कुणी जांभळं. बरणीच्या तोंडावर फडकं बांधायचं आणि ती अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून द्यायची. फळाचा रंग, वास, गोडी हळूहळू दारूत उतरे आणि फळ फिकट पडत जाई.

पण यात एक गोम होती. फळ वेळेवर बाहेर काढलं नाही, तर रंगाच्या मागोमाग बीचा कडू-तुरटपणा उतरतो, आणि तो एकदा उतरला की काही केल्या जात नाही. वाडीतल्या बायका त्याला ‘बी बोलायला लागली’ म्हणत.

म्हणून वाडीचा एक नेम होता. आपली बरणी आपण चाखायची नाही. अधूनमधून शेजारणीने यायचं, एक थेंब जिभेवर घ्यायचा, आणि ती ‘काढ’ म्हणाली की त्याच दिवशी फळं उपसायची. असं का, हे मात्र कुणी सांगू शकत नसे. आज्या करत आल्या म्हणून आया करत होत्या, आणि आया करत होत्या म्हणून लेकी.

या वाडीच्या एका टोकाला, जरा उंचवट्यावर, दोनच घरं होती. एक सोनकीचं, दुसरं ठमाक्काचं. मध्ये करवंदीचं कुंपण, आणि कुंपणात येण्याजाण्यापुरती वाट.

सोनकीचा नवरा मागेच वारलेला. घरात ती आणि तिची लेक हौशी. सोनकीला लहानपणापासून एकच खोड होती. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागे. कोंबडी पाणी पिऊन वर का बघते, भात शिजताना झाकण का नाचतं, आणि बरणीत नेमक्या कुठल्या घडीला जांभळाचा रंग दारूचा होतो. हे तिने किती जणांना विचारलं असेल याला गणती नाही. लोक हसत, ती पुन्हा विचारी. आता ही काही वाईट खोड नव्हे. मला विचाराल तर अशी माणसं वाडीत दोन-चार असलेली बरी.

ठमाक्काची खोड वेगळी. बाई मनाने चांगली, पण जिभेला लगाम नाही. आदल्या वर्षी तिने सोनकीची बरणी चाखली आणि म्हणाली, “काढ आजच्या आज.” सोनकी म्हणाली, “रंग अजून चढतोय की, बघू तरी कुठवर जातो.” आणि ती बघत बसली. नव्या भाताच्या जेवणाला बरणी उघडली, तेव्हा अख्ख्या वाडीने तोंडं वाकडी केली. सोनकी आधीच ओशाळली होती. तेवढ्यात ठमाक्का सगळ्यांच्या देखत बोलली, “मी सांगितलं होतं.”

हे बोलणं खरं असलं तरी ऐकवत नाही. सोनकीला ते फार लागलं. घरी आली, बोरीची काटेरी फांदी तोडली आणि कुंपणातल्या वाटेवर आडवी टाकली. ठमाक्काने आपल्या ओट्यावरून ते पाहिलं आणि तीही फुगून आत गेली. झालं, दोन्ही घरांचं येणंजाणं बंद पडलं.

पुढच्या वर्षी जांभळं पिकली. यंदाची बरणी साधी नव्हती. पलीकडच्या खोऱ्यातलं एक घर हौशीला मागणी घालणार होतं. मुलगा हौशीने जत्रेत पाहिला होता आणि तो तिला मनापासून आवडला होता. त्या मुलखात सोयरीक ठरायची ती बरणीवर. मुलाकडचा वडीलधारा मुलीच्या घरची दारू पळसाच्या द्रोणात घ्यायचा. त्याने द्रोण दुसऱ्यांदा पुढे केला तर सोयरीक पक्की. द्रोण पालथा घातला तर पाहुणे आल्या वाटेने परत. भात कापून झाला की पाहुणे येणार, असा निरोप होता.

“आये, ठमाक्काला बोलव ना चाखायला,” हौशी म्हणाली.

“मला काय जीभ नाही?” सोनकी म्हणाली. “नेम नेम म्हणतात, पण त्याला कारण काय ते एकाला तरी माहीत आहे का? माझी बरणी, माझी जांभळं. माझ्याइतकं त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?”

आणि तिने लक्ष ठेवलं, यात शंका नाही. रोज सकाळी फडकं सोडायची, वास घ्यायची, बरणी उजेडाकडे कलती करून रंग बघायची आणि एक थेंब जिभेवर ठेवायची. पांढरं पाणी आधी गुलाबी झालं, मग जांभळं, मग गडद काळसर. सोनकी हरखून गेली. चव तिला कालच्यासारखीच लागे, कधी कालच्यापेक्षा जरा बरीच. ‘आणखी थोडं मुरू दे,’ म्हणून ती पुन्हा फडकं बांधायची.

असं चाललं असताना तिच्या भावाकडून सांगावा आला. भावजय बाळंत झाली होती आणि हाताखाली कुणी नव्हतं. सोनकीला जावंच लागलं. निघताना तिने बरणीच्या गाठीवर मेणाचा ठिपका लावला. तिला भीती ठमाक्काची होती. हौशीला म्हणालीही, “मी नसताना कुंपणाकडे नजर ठेव.”

भावाकडचं आवरून आठवडाभराने ती परतली तेव्हा भात कापून झाला होता आणि पाहुणे दोन दिवसांवर आले होते. पाय धुऊन ती आधी बरणीकडे गेली. थेंब जिभेवर ठेवला. दारू कडू होती. जीभ टाळ्याला चिकटावी इतकी तुरट.

“ठमीने काहीतरी घातलं यात,” ती म्हणाली. “हौशी, चल माझ्याबरोबर. आज तिला वाडीपुढे उभी करते.”

हौशी रडवेली झाली. पण तिने आईचा हात धरला. “आये, गाठ सोडलीस तेव्हा मेण कसं होतं?”

सोनकी थबकली. मेण तिनेच आत्ता नखाने खरवडून काढलं होतं. ते जसंच्या तसं होतं. म्हणजे बरणीला कुणी हात लावला नव्हता. मग चव कुणी बदलली?

इथे सोनकीचा राग मागे पडला आणि तिची जुनी खोड पुढे आली. ती बरणीपाशी बसली आणि एकेक गोष्ट तपासू लागली. फडकं तेच, जांभळं तीच. एक जांभूळ काढून दाबलं तर ते पार फिकट, आणि आतली बी उकललेली. अशी बी एका आठवड्यात उकलत नाही. म्हणजे ती जाण्याआधीच बोलू लागली होती. मग आपल्याला ऐकू कसं आलं नाही? आपण तर रोज चाखत होतो.

‘रोज,’ ती मनाशी म्हणाली आणि विचारात पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक गंमत केली. तांब्याभर पाण्यात कडुनिंबाची पानं चुरगळून टाकली आणि काम करता करता त्याचा घोट घेऊ लागली. झाडलोट झाली, एक घोट. भाकऱ्या झाल्या, एक घोट. पाण्यात पानांचा कडूपणा उतरत होता, पण प्रत्येक घोट तिला मागच्यासारखाच लागला. दुपारी तिने तोच तांब्या हौशीपुढे धरला. “पी बघू.”

हौशीने घोट घेतला आणि अंगणात जाऊन थुंकून टाकला. “आये, हे काय? विष आहे का?”

सोनकीने तांब्या तिच्या हातून परत घेतला. तिला हसूही येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. “बरणी बिघडत होती आणि माझी जीभ तिच्याबरोबर सरकत होती,” ती म्हणाली. “म्हणून आज्या शेजारणीला बोलवायच्या. बरणी बिघडतेय एवढं कुणी मला सांगितलं असतं तर...” मग तिला आठवलं, की सांगणारी होती, आणि तिच्याच वाटेवर आपण काटे टाकले.

कारण सापडलं, पण बरणी कडू ती कडूच. पाहुणे उद्यावर आले होते. सोनकी उठली आणि बोरीची फांदी ओढायला लागली. वर्षभरात ती वाळून कुंपणात अडकून बसली होती. ओढताना काटे तळहातात रुतले. ठमाक्का ओट्यावर सूप घेऊन बसली होती. ती सगळं बघत होती.

“ठमाक्का,” सोनकी म्हणाली, “माझी बरणी चाखशील का?”

ठमाक्काने आधी तिच्या हाताकडे पाहिलं. मग सूप बाजूला ठेवून ती आली, थेंब जिभेवर घेतला आणि तिचं तोंड आवळलं गेलं. ओठावर काहीतरी आलं होतं, ते तिने गिळलं. तेवढं गिळायला तिला किती जड गेलं असेल ते तिलाच ठाऊक.

“बी बोललीय,” ती एवढंच म्हणाली. मग खाली बघत, “आता माझी चाख.”

ठमाक्काची बरणी करवंदांची होती. सोनकीने थेंब घेतला आणि तिच्या भुवया वर गेल्या. “अगं आक्का, ही दारू आहे की काकवी?”

“काय करणार, चाखायला कुणी नव्हतं,” ठमाक्का म्हणाली. “आंबट होईल या भीतीने करवंदं लवकर काढली. मग रोज चाखायची आणि रोज वाटायचं, गोडी कमी पडलीय. रोज गुळाचा एक खडा टाकत गेले.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग हसू लागल्या. हसता हसता ठमाक्काने पदर डोळ्यांना लावला. “तुझ्यावाचून वर्ष फार वाईट गेलं, सोनके,” ती म्हणाली.

मग त्यांनी तिसरी बरणी घेतली. जांभळं उपसून टाकली, थोडी हिची ओतली, थोडी तिची. एक ओतायची, दुसरी चाखायची. ‘अजून कडू आहे,’ ‘आता गुळचट झाली,’ ‘थांब, एवढीच पुरे,’ असं करत करत संध्याकाळपर्यंत जी चव जमली, ती नुसती जांभळाचीही नव्हती आणि नुसत्या करवंदांचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाचा आजा पुढे बसला. हौशीने द्रोण भरून त्याच्या हातात दिला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, द्रोण रिकामा केला. पण तो पुढेही केला नाही आणि पालथाही घातला नाही.

“ही बरणी चाखली कुणी?” त्याने विचारलं.

शेजारणीने चाखली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. दाराशी उभ्या हौशीचा चेहरा उतरला होता. सोनकीने एकदा लेकीकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं.

“बाबा, आधी मीच चाखत होते. रोज. म्हणून बिघडली, आणि बिघडलेली मला कळलीही नाही. मग या ठमाक्काने तोंडावर सांगितलं. हिची मी बिघडवली, चाखायला गेले नाही म्हणून. द्रोणात आहे ती दोघींची आहे. ही निव्वळ माझ्या घरची नव्हे.”

म्हाताऱ्याने रिकामा द्रोण हातात फिरवून पाहिला.

“सून बघायला जातो तिथे मी हेच विचारतो,” तो म्हणाला. “चवीचं काय, एखाद्या वर्षी कुणाचीही बिघडते. पण ‘मीच चाखली, छान झाली’ असं सांगणारी घरं मी फार पाहिली. तिथे बिघडलेलं कधी कळतच नाही. कळलं, आणि सांगायला शेजारीण आली, असं घर आज पहिलं बघतोय.” आणि त्याने द्रोण हौशीपुढे धरला. “भर पोरी, आणखी एकदा.”

हौशीचं लग्न त्याच वर्षी झालं. ती सासरी निघाली तेव्हा सोनकीने तिला एक रिकामी बरणी दिली आणि सांगितलं, “फळ टाकायच्या आधी शेजारी कोण राहतं ते बघून ये.” कुंपणातली वाट पुन्हा कधी बंद झाली नाही. ठमाक्काची जीभ शेवटपर्यंत तशीच तिखट राहिली, आणि सोनकी दरवर्षी तिला पहिला थेंब द्यायची. त्या वाडीत नेम आजही पाळतात, फक्त आता कुणी ‘का’ विचारलं, की त्याच्या हातात कडुनिंबाच्या पाण्याचा तांब्या देतात.

तात्पर्य : आपलंच रोज चाखणाऱ्याला त्यातला बिघाड कळत नाही, म्हणून आपली चूक तोंडावर सांगणाऱ्याची वाट कधी बंद करू नये.