आजचे गंध

“ते टेबल नुसतं जागा अडवून बसलंय. रविवारी घरघंटी आली की तिथंच ठेवू. लिहिते म्हणे! तीन महिन्यांत एक ओळ लिहिताना पाहिली नाही कुणी.”

एकदा एका नव्या सुनेच्या कानावर सासूबाईंचे हे बोलणे पडले. त्या नणंदेशी बोलत होत्या, तिला ऐकवत नव्हत्या. ती दाराआडूनच परत फिरली. वाईट याचे वाटले, की त्यात खोटे काहीच नव्हते.

गल्लीच्या टोकाला देवीच्या देवळात एक वृद्ध गुरुजी पूजा करीत. ते चाळीस वर्षे रोज एक पान लिहितात, हे सर्वांना ठाऊक होते. काय लिहितात, हे कुणी विचारले नव्हते. ती त्यांच्याकडे गेली.

“गुरुजी, माहेरी खिडकीतून नदी दिसायची. शब्द आपोआप यायचे. इथं समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते. तीही कधीकधी भरून वाहते, पण तेवढ्यावर काय लिहिणार?”

गुरुजी हसले. “उद्यापासून शनिवारपर्यंत रोज सकाळी येऊन देवीसाठी गंध उगाळून दे.”

पहिल्याच सकाळी तिने तासभर बसून पाचही दिवसांचे गंध उगाळले आणि वाटीत झाकून ठेवले. कामे आधीच उरकून टाकण्याची सवय नव्या सुनेला लवकर लागते.

तिसऱ्या दिवशी वाटीत नुसत्या खपल्या उरल्या होत्या. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी त्यातलीच एक खपली देवीच्या कपाळी लावली. ती घरंगळून पायांशी पडली. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा पडली. दर्शनाला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

“राहू द्या ना, गुरुजी! मी ताजं उगाळते.”

“थांब. आधी ते चंदनाचं खोड हुंगून बघ. वास येतो?”

“नाही. लाकडासारखं लाकूड.”

“मग वास येईपर्यंत वाट पाहू या?”

सहाणेवर पाणी शिंपडून तिने खोड फिरवायला घेतले. मनगट भरून आले, तेव्हा कुठे गाभाऱ्यात सुवास दरवळू लागला.

“पोरी,” गुरुजी म्हणाले, “गंध साठवता येत नाही, आणि सुवास उगाळण्याआधी येत नाही. त्या खिडकीशी तू रोज बसायचीस?”

“हो. बाबांची आंघोळ आणि पूजा आटपेपर्यंत. अर्धा तास.”

“मग तुझ्याकडून लिहून घेत होता तो अर्धा तास. नदी आपली समोरून वाहत होती. तिची आठवण येईल, येऊ दे. पण तिची वाट पाहू नकोस. ती काही सासरी यायची नाही.”

परतताना तिचे डोळे भरून आले. नदी हवीशी वाटणे कमी झाले नव्हते. पण तीन महिने आपण जिच्यासाठी झुरलो, तिच्यात किती पाणी होते आणि किती नुसता सकाळचा निवांत वेळ, हे तिला प्रथमच कळले.

रविवारी दोन माणसे घरघंटी घेऊन दारात उभी राहिली. “या टेबलाच्या जागी ठेवा,” सासूबाई म्हणाल्या. नणंदेने टेबलाचे एक टोक उचललेसुद्धा.

“आई, टेबल इथंच राहू दे,” सून म्हणाली. “रोज सकाळी अर्धा तास मी इथं लिहायला बसणार आहे. काही सुचलं नाही, तरीही.”